गोठवणाऱ्या थंडीतला डिझेल ट्रक

पौष महिन्यात पुण्या-नाशकाकडील घरांतून सकाळी एक दृश्य हमखास दिसते. न्हाणीघरातील फळीवरची खोबरेल तेलाची बाटली रात्रीतून पांढरीशुभ्र आणि घट्ट झालेली असते, आणि घरातील कोणीतरी ती उचलून खिडकीतल्या उन्हात नाहीतर गरम पाण्याच्या तपेल्यात नेऊन ठेवते. तेल नासलेले नसते, त्याचा कसही उणावलेला नसतो. पारा चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली उतरल्यामुळे त्याने केवळ आपले रूप पालटलेले असते, आणि पुरेशी ऊब मिळताच ते पुन्हा पूर्ववत वाहू लागते. या लहानशा घरगुती अनुभवाचा उल्लेख आरंभीच करण्याचे कारण असे की, लडाखच्या हिमप्रदेशात पहाटे उभ्या असलेल्या मालट्रकच्या टाकीत, नळीत आणि फिल्टरमध्ये काय घडत असेल, हे समजून घेण्यास यापेक्षा जवळचा दाखला आपल्यापाशी नाही. फरक इतकाच की, बाटली उन्हात नेता येते. टाकीतील दोन-अडीचशे लिटर डिझेल कोठेही नेता येत नाही, आणि तेथील ऊन कित्येक दिवस बर्फ वितळवण्याइतकेही तापत नाही.

लडाख हा मुलूख ट्रकच्या चाकांवर जगतो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर वसलेल्या लेह शहराला जाणारे दोन जुने मार्ग आहेत: एक श्रीनगरहून झोजी ला ही ३,५०० मीटरांहून उंच असलेली खिंड ओलांडून द्रास आणि कारगिलवरून जातो, तर दुसरा मनालीहून निघून बारालाचा ला आणि तंगलंग ला या त्याहूनही उंच खिंडी चढत येतो. हिवाळ्यात बर्फ पडू लागले म्हणजे हे मार्ग बंद पडतात, आणि १९६० साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेचे लोक ते वसंतात पुन्हा मोकळे करीपर्यंत लागणारे धान्य, औषधे, इंधन, बांधकामाचे साहित्य व लष्कराची रसद ही सारी बेगमी शरद ऋतूतच ट्रकांनी वर पोहोचवून ठेवावी लागते. सीमेवरील ज्या पलटणींसाठी हा सारा बंदोबस्त असतो, त्यांत आपल्या सातारा-कोल्हापूरकडचे जवानही असतात. वाट बंद झाल्यावरही लेह, कारगिल आणि सीमेवरील ठाणी यांच्यामधील वाहतूक थांबत नाही. आणि द्रासच्या परिसरात जानेवारीतील रात्री पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरणे ही नित्याची बाब असल्यामुळे, तेथील चालकाच्या दृष्टीने दिवसाचा सर्वांत कठीण टप्पा घाटाचा नसून, उभा ट्रक चालू करण्याचा असतो.

हे कठीण का जाते, याचे उत्तर डिझेल इंजिनाच्या जन्मकथेतच दडलेले आहे. पेट्रोलच्या इंजिनात इंधन आणि हवा यांच्या मिश्रणाला विजेची ठिणगी पेटवते. डिझेलच्या इंजिनात अशी ठिणगी मुळातच नसते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे ज्याने ज्याने पंप मारला आहे त्याला ठाऊक आहे. हवा झपाट्याने दाबली की ती तापते, या एकाच तत्त्वावर हे इंजिन उभे आहे. सिलिंडरात घेतलेली हवा दट्ट्या सोळा-अठरा पट लहान जागेत कोंबतो, त्या दाबाने ती इतकी तप्त होते की नोझलमधून तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते, आणि त्या स्फोटाच्या रेट्याने चाके फिरतात. या यंत्राचा जनक रुडॉल्फ डिझेल हा १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. १८९२ साली त्याने आपल्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वीपणे चालले. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा मनुष्य म्युनिच येथे शीतकरणशास्त्राचा अग्रणी कार्ल फॉन लिंडे याचा विद्यार्थी होता, आणि शिक्षण संपताच त्याने पहिली नोकरी धरली ती लिंडेच्या पॅरिसमधील बर्फ बनवण्याच्या कारखान्यात. उष्णता वायूतून कशी काढून घ्यावी हे शिकता शिकता, ती वायूत कशी साठवावी याचा विचार त्याच्या मनात रुजत गेला. ज्याच्या इंजिनाचे वैर पुढे थंडीशी जडायचे होते, त्याच्या उमेदवारीची वर्षे बर्फाच्या सान्निध्यात गेली.

थंडीने या तत्त्वावर घाला कसा पडतो, याचा एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. सतरापट दाबणाऱ्या इंजिनात ३० अंश सेल्सियस तापमानाची हवा घेतली, तर दाबाच्या अखेरीस ती साधारणपणे ५४० अंशांपर्यंत तापते. तीच हवा उणे २५ अंशांची असेल, तर तितक्याच दाबाने ती ३९५ अंशांच्या आसपासच येऊन थांबते. म्हणजे आरंभीचा ५५ अंशांचा फरक शेवटी दीडशे अंशांचा होतो. यातही इंजिन नेहमीच्या चपळाईने फिरते असे आपण गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात गारठलेले इंजिन मंद फिरते, दट्ट्या सावकाश वर येतो, आणि त्या विलंबात दाबलेल्या हवेतील उष्णता थंडगार भिंती शोषून घेतात, तर काही हवा दट्ट्याच्या कड्यांच्या फटींतून निसटून जाते. मग उरलेली ऊब डिझेल पेटवण्यास पुरत नाही. अशा वेळी धुराड्यातून जो पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो, तो न जळता बाहेर पडलेल्या डिझेलचे बाष्प असते. भरीला भर म्हणजे लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असल्यामुळे सिलिंडरात शिरणारी हवाच मुळात विरळ असते, आणि तिच्यात फवारा पेटण्यास अधिक अवधी लागतो.

वेगाचे हे महत्त्व महाराष्ट्रातील शेतकऱ्याला निराळे सांगण्याची जरुरी नाही. खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीची स्थापना झाली, आणि पुढील काळात विहिरीवरील डिझेल इंजिनाचा आवाज खेडोपाडी परिचयाचा झाला. ते हाताने चालू करणारा मनुष्य आधी एक लहानशी दांडी उचलून झडप उघडी धरतो, हँडल मारून जड चाकाला पुरता वेग देतो, आणि मगच दांडी सोडून हवा दाबू देतो. कारण वेग आल्याशिवाय दाब घेतला तर इंजिन फुसकन श्वास टाकून थांबते. थंडीच्या पहाटे या कामी मोट हाकण्याइतका घाम निघे. विहिरीवर आठ-दहा अंशांच्या गारव्यात जे घडते, तेच लडाखात उणे २५ अंशांत कितीतरी पटींनी उग्र होऊन घडते.

आता खुद्द इंधनाकडे वळू. डिझेलमध्ये निरनिराळ्या लांबीच्या हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते, आणि त्यात सरळ साखळीचे, मेणाच्या जातीचे जे रेणू असतात ते सर्वांत चटकन पेट घेतात. म्हणून चांगल्या डिझेलला ते हवेच असतात. परंतु पारा उतरू लागला की सर्वांच्या आधी घट्ट होतात तेही हेच. प्रथम डिझेल किंचित गढूळ दिसू लागते. मग त्यात मेणाचे सूक्ष्म स्फटिक धरतात आणि ते फिल्टरच्या कागदावर साचत जातात. आणि सर्वांत शेवटी डिझेल वाहणेच थांबते. रवाळ तूप फडक्यातून गाळू पाहणाऱ्या गृहिणीला मधली अवस्था कशी असते हे लगेच कळेल: तूप अद्याप पातेल्यात हलत असते, पण फडक्यातून खाली मात्र उतरत नाही. ट्रक बंद पडतो तो बहुधा याच मधल्या अवस्थेत. टाकीत डिझेल वाहते दिसत असल्यामुळे नवख्या चालकाला दोष पंपात आहेसा वाटतो, आणि तो नको तेथे पाना लावून बसतो.

आपल्याकडील मानकाप्रमाणे डिझेलचा प्रवाह थांबण्याचा बिंदू उन्हाळ्यात १५ अंशांहून आणि हिवाळ्यात ३ अंशांहून अधिक असता कामा नये, एवढीच अट असते. आणि ती मैदानी प्रदेशाला पुरेशीही आहे. परंतु मैदानातील हे डिझेल टाकीत भरून झोजी ला ओलांडणारा ट्रक कोणत्या संकटाकडे जात आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे. कित्येक वर्षे यावर तेथील चालकांचा इलाज एकच असे, तो म्हणजे डिझेलात रॉकेल मिसळण्याचा. रॉकेलने मेण पातळ राहते हे खरे; पण इंधनपंप आणि नोझल यांच्या अतिसूक्ष्म भागांना वंगण मिळते ते डिझेलमधूनच, आणि रॉकेलच्या अंगी तो स्निग्धपणा नसल्यामुळे या मिश्रणावर चाललेला पंप अकाली झिजतो. अखेर २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने आपल्या पानिपत येथील शुद्धीकरण कारखान्यात बनवलेले, उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल लडाखसाठी उपलब्ध करून दिले. त्या प्रदेशाच्या दैनंदिन जीवनावर याचा परिणाम एखाद्या नव्या रस्त्याइतकाच मोलाचा मानला पाहिजे.

इंधनाचा दुसरा शत्रू पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीतील हवेत जी आर्द्रता असते, ती रात्री गार पत्र्यावर दवासारखी साचते, थेंबाथेंबाने तळाशी उतरते, आणि पहाटे नळीच्या एखाद्या वळणात तिचा बर्फाचा खडा होऊन बसतो. मेणाचा दोष डिझेल बदलून टळतो. पाण्याचा दोष मात्र चालकाच्या शिस्तीनेच टळतो. टाकी संध्याकाळी काठोकाठ भरून ठेवणे, म्हणजे हवेला आणि पर्यायाने दवाला जागाच न उरणे, आणि फिल्टरखालच्या भांड्याचा कॉक रोज सैल करून साचलेले पाणी काढून टाकणे, या दोन सवयींनी ते साधते.

बॅटरी, वंगण आणि पाणी या तीन गोष्टी इंजिनाच्या खऱ्या सोबती होत, आणि थंडी या तिघांनाही एकाच वेळी गाठते. बॅटरीतील वीज रासायनिक क्रियेतून निर्माण होते, आणि ती क्रिया थंडीत मंदावत असल्यामुळे उणे १८ अंशांच्या सुमारास बॅटरीचा जोर निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरवण्यासाठी तिच्याकडे नेहमीपेक्षा दुपटीहून अधिक बळ मागितले जाते. शिवाय पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ६० अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल जवळजवळ पाणीच झालेले असल्यामुळे ते उणे ७-८ अंशांतच गोठून तिचे कवच फोडू शकते. म्हणून थंड मुलखात बॅटरी भरलेली ठेवणे हे सेल्फ फिरण्यासाठी जितके जरूर, तितकेच ती स्वतः शाबूत राहण्यासाठीही जरूर असते. अनुभवी चालक रात्री बॅटऱ्या सोडवून निवाऱ्याच्या खोलीत नेऊन ठेवतात.

तेलाच्या डब्यावर १५डब्ल्यू-४० असे जे अंक छापलेले असतात, त्यांत पहिला अंक थंडीचा असतो हे पुष्कळांस ठाऊक नसते. १५ अंकाच्या तेलाची कसोटी उणे २० अंशांत इंजिन फिरवू देण्याची, १० अंकाच्या तेलाची उणे २५ अंशांत, आणि ५ अंकाच्या तेलाची उणे ३० अंशांत घेतलेली असते. महाराष्ट्रातील ट्रकांत सर्रास वापरले जाणारे १५ अंकाचे तेल मैदानात उत्तम असले, तरी द्रासच्या पहाटे ते काकवीसारखे दाटते. त्यातून दट्ट्ये रेटताना बॅटरी थकते, आणि इंजिन चालू झालेच तर पहिले काही क्षण वरच्या भागांना तेल पोहोचतच नाही. यंत्राची पुष्कळशी झीज या पहिल्या क्षणांतच होत असते.

पाण्याचा धोका सर्वांत क्रूर, कारण तो एका रात्रीत इंजिन निकामी करतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये कोंडलेल्या पाण्याला फुगण्यास वाव नसल्यामुळे भिंतीला उभी चीर पडते. रेडिएटरमध्ये नुसते पाणी ओतून वर निघालेल्या ट्रकचे असेच होते. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळले तर ते मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. येथे एक आश्चर्याची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते, म्हणून अधिक सुरक्षिततेच्या समजुतीने पाणी न घालता ते एकटेच भरणे ही चूक ठरते. तसेच, उष्ण प्रदेशातील गॅरेजांत इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो हिमप्रदेशात घातक होय; कारण थर्मोस्टॅटवाचून इंजिन दिवसभर चालूनही पुरते तापत नाही, इंधन अर्धवट जळते, आणि न जळलेले डिझेल भिंतीवरचे वंगण धुऊन तेलात उतरते.

इतके विवेचन केल्यावर मुख्य सूत्र सांगण्यास हरकत नाही. हिवाळ्यातला ट्रक पहाटे चालू होतो असे दिसते. वास्तविक तो आदल्या संध्याकाळीच चालू झालेला असतो किंवा बिघडलेला असतो. ज्याला त्याचा क्लीनर आदराने उस्ताद म्हणतो, असा चालक मुक्कामी पोहोचल्यावर काय करतो ते जवळून पाहावे. तो ट्रक वाऱ्याकडे पाठ करून, शक्य तर सकाळचे ऊन इंजिनावर पडेल अशा बेताने उभा करतो. घाट चढून तापलेले इंजिन तो तत्काळ बंद करीत नाही. टर्बोचार्जर शांत व्हावा म्हणून दोन-तीन मिनिटे सावकाश चालू ठेवतो. तोवर क्लीनर खाली उतरून हवेच्या टाक्यांचे कॉक उघडतो, आणि दाबलेल्या हवेबरोबर तांबूस, तेलकट पाण्याचा फवारा बर्फावर उडतो. हे पाणी रात्रभर आत राहिले असते तर ब्रेकच्या झडपांत गोठून सकाळी ब्रेक एकतर लागले नसते किंवा सुटले नसते. ड्रम ओले असतील तर उस्ताद हँडब्रेक ओढून ठेवीत नाही, कारण ब्रेकचे लायनर ड्रमला गोठून चिकटतात. तो गाडी सपाटीवर घेऊन चाकांखाली ठोकळे लावतो. शेवटी बॉनेटवर आणि रेडिएटरसमोर जाड गोधडी किंवा ताडपत्री घट्ट बांधली जाते, आणि मगच दोघे शेकोटीकडे वळतात.

सकाळी गोधडी सोडताना इंजिनाच्या अंगी अद्याप थोडी धुगधुगी असते, आणि तीच या साऱ्या खटाटोपाची कमाई होय. उस्ताद प्रथम फिल्टरखालच्या पारदर्शक भांड्यावरचे दहिवर अंगठ्याने पुसून आत पाहतो: डिझेल स्वच्छ, सोनेरी दिसले तर ठीक; आत ढगासारखी धूसरता किंवा तळाशी पांढरी साय दिसली, तर तो किल्लीला हात लावीत नाही. सर्व ठीक असल्यास किल्ली अर्धी फिरवून तो थांबतो, कारण आत घेतली जाणारी हवा तापवणाऱ्या हीटरला किंवा सिलिंडरातील ग्लो प्लगला आपले काम करण्यास काही सेकंद द्यावे लागतात, आणि ते झाल्याची खूण म्हणून समोरचा दिवा विझतो. हीटर, रेडिओ, दिवे असे विजेचे सारे खर्च त्याने बंद ठेवलेले असतात. क्लच पूर्ण दाबून, म्हणजे गिअरबॉक्समधील घट्ट तेलाचा भार इंजिनावरून उतरवून, तो दहा-पंधरा सेकंदच सेल्फ मारतो. इंजिन न घेतल्यास मिनिट-दोन मिनिटे थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. या विरामात सेल्फ थंड होतो आणि बॅटरी काहीशी सावरते. सलग सेल्फ मारीत राहणारा मनुष्य दोन्ही गमावतो. इंजिन एकदा धरले की तो ते तापवण्यासाठी जोराने रेस करीत नाही. तेलाचा दाब वर आल्याची खात्री झाली म्हणजे काही मिनिटांनी खालच्या गिअरमध्ये हळूहळू निघतो, कारण उभ्याने चालणाऱ्या इंजिनापेक्षा सौम्य ओझे ओढणारे इंजिन लवकर तापते, आणि चाकांची बेअरिंगे व गिअरचे तेलही त्याच वेळी मऊ होत जाते.

भांड्यात पांढरी साय दिसलीच, तर काय करावे? सेल्फ मारून उपयोग नाही; त्याने बॅटरी मात्र संपेल. फिल्टर बदलावा, नवा फिल्टर उबदार जागी ठेवलेल्या स्वच्छ डिझेलने भरून बसवावा, नळ्यांवर कढत पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळावी, आणि हाताच्या पंपाने नळीतील हवा काढून मगच किल्ली फिरवावी. बाजारात मिळणारी गोठणरोधक औषधे डिझेल उबदार असतानाच टाकीत घालावयाची असतात. ती मेणाचे स्फटिक मोठे होऊ देत नाहीत, पण एकदा धरलेले मेण ती विरघळवू शकत नाहीत. डिझेलात पेट्रोल मिसळणे हा तर इलाज नव्हे, अपघातास निमंत्रण होय. कारण टाकीतील वाफ मग क्षुल्लक ठिणगीनेही पेटू शकते. तेलाच्या चेंबरखाली शेगडी किंवा पेटता स्टोव्ह सरकवण्याची पद्धत हिमालयातच नव्हे, जगातील सर्व थंड मुलखांत होऊन गेली आहे, आणि तिने जितके ट्रक चालू केले असतील तितकेच धोकेही ओढवून घेतले आहेत; गळक्या नळीतील एक थेंब त्यास पुरतो. हवेच्या वाटेत ईथरचा फवारा मारणेही ग्लो प्लग किंवा हवेचा हीटर असलेल्या इंजिनात स्फोटक ठरते.

काही चालक ही सारी दगदग टाळण्यासाठी इंजिन रात्रभर चालूच ठेवतात. अत्यंत उंच, निर्मनुष्य जागी अडकल्यास त्यावाचून गत्यंतर नसेलही. परंतु नेहमीची रीत म्हणून ते इष्ट नाही. बिनओझ्याने मंद चालणारे इंजिन कडाक्याच्या थंडीत गारच राहते, नोझल आणि झडपा काजळीने माखतात, आणि डिझेल फुकट जळते. २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकांत आणखी एका द्रवाची भर पडली आहे: धूर शुद्ध करण्यासाठी वापरले जाणारे युरियाचे द्रावण. ते उणे ११ अंशांत गोठते. त्याच्या टाकीत ते वितळवण्याची सोय असते आणि ते गोठल्याने इंजिन चालू व्हायचे अडत नाही. मात्र गोठताना फुगण्यास जागा राहावी म्हणून ती टाकी, डिझेलच्या टाकीप्रमाणे काठोकाठ न भरता, थोडी रिकामी ठेवावी लागते.

कॅनडा, अलास्का आणि सायबेरियातील लोकांनी याच प्रश्नांची उत्तरे समाजव्यवस्थेतच गुंफून टाकली आहेत. तेथील पुष्कळ इंजिनांच्या ब्लॉकमध्ये विजेची तापती कांडी बसवलेली असते, आणि गाडी उभी केली की तिची वायर वाहनतळावरील प्लगला जोडणे हे कुलूप लावण्याइतके अंगवळणी पडलेले असते. युरोपीय मानकात तर ध्रुवीय प्रदेशासाठी उणे ४४ अंशांपर्यंत फिल्टरमधून उतरणाऱ्या डिझेलची स्वतंत्र प्रत ठरवून दिलेली आहे. आपल्या हिमप्रदेशात ही सारी सोय अद्याप सर्वत्र नाही; जी आहे तीत उस्तादाची गोधडी, त्याची शिस्त आणि आता मिळू लागलेले हिवाळी डिझेल यांचा वाटा मोठा आहे. या ट्रकांच्या बळावर मुलूखभरच्या चुली हिवाळाभर पेटतात, तेव्हा त्यांची राखण करणाऱ्या या अनाम विद्येची नोंद आपल्या भाषेत असावी असे मला मनापासून वाटते.

अलीकडे महाराष्ट्रातून स्वतःची डिझेल गाडी घेऊन लडाखला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि बर्फ पाहण्याच्या ओढीने काहीजण ऐन थंडीतही निघतात. त्यांना विनंती इतकीच की, निघण्यापूर्वी बॅटरी तपासून घ्यावी, कूलंटचे मिश्रण मोजून घ्यावे, थंडीला योग्य अंकाचे तेल भरावे, मैदानातले डिझेल शक्य तितके संपवून वर हिवाळी डिझेल भरावे, आणि एक जादा फिल्टर सोबत ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडी चालू झाली नाही आणि रात्र केबिनमध्ये काढण्याची वेळ आली, तर काचा लावून आत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून कधीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. गोठलेला ट्रक दुसऱ्या दिवशी उन्हाने, गरम पाण्याने किंवा दुसऱ्या ट्रकच्या मदतीने चालू करता येतो. माणसाचे तसे नाही.